शालीवरचे लाल ढग

मुऐदर, दोहा
शनिवार, ७ फेब्रुवारी

ती. स्व. सौ. विजूताईस,

श्यामचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकूनच केला, माझा रूममेट कौशिक साक्षीला आहे). इकडे मी खुशाल. तुझी तब्येत कशी आहे ते खरं खरं कळव, फोनवर सांगतेस तसं नको. भावोजींचा खोकला, अर्णवची नोकरी आणि परसातल्या पपईवरची कीड या तिन्ही बाबतींत काय प्रगती आहे तेही कळव. हे पत्र मी हाताने लिहून, फोटो काढून अर्णवला पाठवणार आहे; तो ते मोठं करून छापून तुझ्या हातात देईल. मामाची नेहमीची बडबड म्हणून त्याने मधलं एखादं पान गाळू नये, यासाठी प्रत्येक पानावर 'नऊपैकी अमुक' असा आकडा घातला आहे. तेवढा तपासून घे.

तू माझ्या फोनवर बंदी घातलीस त्याला अठरा दिवस झाले. शुक्रवारी एकच फोन, दहा मिनिटं, आणि त्यात 'झडप' हा शब्द काढायचा नाही, ही अट मी काटेकोर पाळली आहे. (पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं.) तसंच, सोळा तारखेला तुझं ऑपरेशन आहे आणि त्यासाठी मी कऱ्हाडला यायचं नाही, हा तुझा निर्णयही मी पूर्णपणे स्वीकारला आहे. "मला एका वेळी दोन पेशंट सांभाळायला जमणार नाही," असं तू म्हणालीस, त्याचं मला तिळमात्र वाईट वाटलेलं नाही. अर्णवच्या टॉन्सिलच्या वेळी मी धीर द्यायला म्हणून आलो आणि व्हरांड्यातच आडवा झालो, मग त्याच्यासाठी ठेवलेली खाट मला द्यावी लागली आणि ते सात वर्षांचं पोर खुर्चीवर बसून आइस्क्रीम खात माझ्याकडे बघत राहिलं, हे खरं आहे. भावोजींच्या हर्नियाच्या वेळी मी सर्जनसाहेबांकडे त्यांच्या यंत्रांच्या तपासणीचे दाखले मागितले आणि तू मला सगळ्यांदेखत चहा आणायला पाठवलंस, हेही खरं. तेव्हा तुझं काही चुकलं असं मी म्हणतच नाही. मी फक्त एवढंच कळवायला लिहितो आहे, की तो श्याम आता राहिलेला नाही. मी शांत झालो आहे. मी क्रोशा शिकलो आहे.

हसू नकोस (हसायला डॉक्टरांची परवानगी आहे का, तेही विचारून ठेव). याची सुरुवात डिसेंबरात झाली. तुला ठाऊक आहेच, मी इथे पाण्याच्या पाइपलाइनी टाकणाऱ्या कंपनीत कागदपत्रांचं खातं बघतो. नकाशे, त्यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या, आणि झडपांच्या चाचणीचे रिपोर्ट (या कंपनीच्या झडपा आहेत, तुझी अट मोडत नाही). तू फोनवर सांगितलंस की हृदयाची एक झडप बदलायची आहे. दुसरा कुणी असता तर त्याने देवाचं नाव घेतलं असतं. माझ्या टेबलावर त्या दिवशी चाचणीत नापास झालेल्या चौदा झडपांचे रिपोर्ट पडले होते. आमच्याकडे झडप बदलायची तर आधी वरून पाणी बंद करतात, रस्त्यावर बोर्ड लावतात आणि लोकांची अडचण होऊ नये म्हणून टँकर उभा ठेवतात. तुझ्यात काय बंद करणार आणि टँकर कुठे उभा करणार, या विचाराने माझं प्रेशर एकशे सत्तरवर गेलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण माझ्या मनाला वैऱ्याची गरजच पडत नाही, ते ऑफिसातूनच सगळा माल उचलून आणतं.

क्लिनिकमध्ये प्रेशर मोजणारी नर्स जोसेफीन म्हणून आहे. वसईची. मराठी ऐकून तिचा चेहरा खुलला आणि आकडा बघून पुन्हा मिटला. मी तोवर नंबराच्या चिठ्ठीचे बारीक बारीक तुकडे करून तिच्या टेबलावर ओळीने मांडले होते. ते तिने मोजले. (छत्तीस होते. मी आधीच मोजले होते.) मग म्हणाली, "श्यामराव, गोळी देते, पण या हातांना कायतरी कामाला लावा, नायतर हेच तुमाला खातील." दर शुक्रवारी संध्याकाळी मदिनत खलीफा भागात तिच्या घरी सात-आठ बायका क्रोशा करायला जमतात, तिथे तिने मला बोलावलं. मी गेलो. पहिल्या दिवशी चपलांच्या कपाटाशेजारी बसलो, कारण तिथून दार जवळ होतं. तिचा नवरा चार्ल्स आतल्या खोलीत फुटबॉल बघत होता. तो दोनदा बाहेर येऊन, मला आत यायचं असेल तर अजून वेळ गेलेली नाही, असं खुणेने सुचवून गेला. मी शशिकलाला पुण्याला फोन करून हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, नवऱ्याला निदान दुसरं काही व्यसन तरी नाही लागलं.

मी ठरवलं की शिकायचं तर तुझ्यासाठी शाल करायची. ऑपरेशननंतर खांद्यावर घ्यायला. लोकर आणायला सूक वाकिफच्या जुन्या बाजारात गेलो. मसाल्यांच्या गल्लीमागे अबूबकर नावाच्या मलबारी माणसाचं छोटं दुकान आहे. त्याने हिंदीत विचारलं, बहनजी के गाँव में ठंड कितनी है? मी म्हटलं, ठंड नहीं है, ऑपरेशन है. त्याने दाखवायला काढलेले सगळे गुंडे परत ठेवले आणि आतून मऊ, साईच्या रंगाची लड आणली, न टोचणारी. ती गुंडाळायला म्हणून त्याने माझे दोन्ही हात पुढे करायला लावले आणि लड हातांवर चढवली. ताई, त्या भर बाजारात मला तू आठवलीस. मी सात वर्षांचा, हात पुढे करून उभा, आणि तू समोर बसून गुंडा करते आहेस. हललास तर गुंता होईल म्हणाली होतीस म्हणून मी नाकावर डास बसला तरी हललो नव्हतो. आयुष्यात मी इतका स्थिर त्यानंतर कधीच उभा राहिलेलो नाही. जाता जाता मी एक लाल गुंडाही घेतला. कशाला ते तेव्हा माहीत नव्हतं, पण लाल पेन खिशात नसेल तर मला घराबाहेर पडवत नाही, त्यातलंच ते.

पहिल्या तीन आठवड्यांचं फार सांगत नाही. माझा हात घट्ट आहे. साखळी घालायची, तिच्यावर खांब म्हणजे उभे टाके घालायचे, इतकं साधं काम. पण माझे टाके इतके आवळले जायचे की सुई परत आत शिरायची नाही. जोसेफीन म्हणायची, "हात सैल सोडा, आपण बकरी बांधत नाय." मी सैल सोडायचो आणि तेवढ्यात आठवायचं की तुला रात्री दम लागतो, की लगेच पुढचे दहा टाके आवळलेले. पहिला चौकोन चारी बाजूंनी वर उचलला गेला. कौशिक त्याच्याकडे बघून म्हणाला, "काका, शाल करायलात का टोपलं?" (पोरगा नांदेडचा, मनाने चांगला, पण बोलायला फटकळ.) त्यात आम्ही सध्या लसूण ठेवतो. उपयोगी वस्तू आहे.

जानेवारीत मात्र मोठं संकट आलं. जोसेफीनच्या मंडळाने प्रदर्शन भरवायचं ठरवलं. तिची भाची व्हॅलेरी (चोवीस वर्षांची, जन्म इथलाच, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतच देते) हिने नियम घातला की प्रत्येकाने स्वतःच्या स्टाइलचं काम मांडायचं, व्हिडिओ बघून केलेलं चालणार नाही. बाकी सगळ्यांकडे स्टाइल होती. जोसेफीन पांढऱ्या धाग्यात द्राक्षं आणि गव्हाच्या लोंब्या विणते, तिच्या गावच्या चर्चच्या वेदीवर तिचीच चादर असते. न सांगता ओळखू येते म्हणतात. मालेगावची सुमैया कडेला मणी असे गुंफते की टाका कुठे संपला आणि मणी कुठे सुरू झाला ते कळत नाही. व्हॅलेरीला फक्त मासे करता येतात, पण तिच्या उशीवरचा पापलेट बघून भूक लागते. आणि मी छप्पन्न वर्षांचा होऊन माझ्याकडे कुठल्याच गोष्टीची स्टाइल नाही, हे मला त्या शुक्रवारी चपलांच्या कपाटाशेजारी बसून कळलं. सही सुद्धा मी अण्णांच्या सहीवरून गिरवलेली आहे. घरी येऊन जेवण गेलं नाही.

मग मी स्टाइल शोधायला लागलो. ऑफिसात जसा कामाचा आराखडा करतात तसा केला, तीन पर्याय लिहिले. पहिल्यात पाइपांची नक्षी होती. ती आतड्यांसारखी दिसायला लागली आणि तुझ्या पथ्याची आठवण झाली, म्हणून सोडली. दुसऱ्यात वाळवंटाचे रंग घेतले; त्या तुकड्याने कौशिकने ओटा पुसला, आणि त्याची चूक नव्हती. तिसरा पर्याय म्हणजे काहीच न ठरवता मनाला येईल ते विणायचं. पण माझ्या मनाला काय येतं ते तुला ठाऊक आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगण गजाने मोजून ते सरळच असल्याची खात्री करून घेतली होती.

आणि या सगळ्या काळात शाल चालूच होती, साधी, साईच्या रंगाची, तुझ्यासाठी. तिला प्रदर्शनात न्यायचा विचारही नव्हता. नऊ जानेवारीला मी तिच्यावर खांब घालत होतो आणि अर्णवचा मेसेज आला: आईचा इको झाला, डॉक्टर म्हणाले झडप अपेक्षेपेक्षा जास्त अरुंद आहे. मी तो वाचला, आणि वाचता वाचता तीन खांब एकाच घरात घातले. जोसेफीन म्हणाली, उसवा. क्रोशात सगळे उसवतात, त्यात काही लाज नाही, धागा ओढला की चूक झालीच नव्हती. पण ताई, मला ते जमेना. मी एकोणतीस वर्षं नकाशांत काढली आहेत. आमच्याकडे खोडायचं नसतं. नकाशात काही चुकलं, काही बदललं, की त्या जागेभोवती ढगासारखी वळणावळणाची लाल रेघ काढायची आणि शेजारी छोट्या त्रिकोणात अक्षर घालायचं. पहिल्या बदलाला ए, दुसऱ्याला बी. मग तो कागद पुढे कुणीही उघडला तरी त्याला कळतं की इथे काहीतरी झालं आहे, इथे नीट बघ. मी पिशवीतून लाल गुंडा काढला आणि त्या तीन खांबांभोवती ढग विणला. शेजारी त्रिकोण, आत ए. तेव्हा कुठे मला पुढची ओळ घालता आली.

त्यानंतर संक्रांतीला तुझी अँजिओग्राफी (सणाच्या दिवशी ती कुणी ठरवली, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही). तो बी. ऑपरेशनची तारीख ठरली तो सी. तू फोनवर बंदी घातलीस तो डी, जरा मोठाच आहे, कारण त्या दिवशी अख्खी ओळ तिरकी गेली. एका शुक्रवारी तुझा आवाज बसला होता आणि तू म्हणालीस पापडाने घसा धरला, तो ई. महिनाअखेरीला जोसेफीनने शाल दिव्याखाली पसरली आणि सगळ्यांना बघायला बोलावलं. सुमैयाने फोटो काढला. व्हॅलेरी म्हणाली, "अंकल, धिस इज युअर स्टाइल." माझी स्टाइल. मला वाटलं की आता जीव भांड्यात पडेल. पण स्टाइल नसल्याची काळजी संपली त्याच मिनिटाला स्टाइल असल्याची काळजी सुरू झाली.

कारण त्यांना आता माझ्याकडून ढगांची एक उशी हवी होती. आणि मला चुकाच होईनात. हात बसला होता, ओळी सरळ यायला लागल्या होत्या. ज्या चुकांनी महिनाभर जीव खाल्ला, त्या ऐन वेळी मागूनही मिळेनात. मग मी मुद्दाम, मोजून, शोभेल अशा जागी चार चुका केल्या आणि त्यांच्याभोवती देखणे ढग काढले. जोसेफीनने उशी हातात घेतली आणि लगेच परत दिली. या चुका खोट्या आहेत म्हणाली. तुला कसं कळलं विचारलं तर म्हणते, खरी चूक होते तेव्हा तुमचं तोंड वाकडं होतं, ही करताना तुम्ही हसत होता. थोडक्यात, काळजीशिवाय माझी कला चालत नाही आणि काळजीला तू बंदी केली आहेस. म्हणून (रागावू नकोस) मी अर्णवला चोरून फोन केला आणि तुझं पोटॅशियम किती आलं ते विचारलं. त्याने सांगितलं. शालीवर एफ आणि जी त्यानंतर लगेचच झाले, आणि दोन्ही अस्सल आहेत. उशी मी तशीच सोडून दिली.

प्रदर्शन काल होतं. व्हॅलेरीने प्रत्येकाकडून शंभर शब्द मागितले होते, तुमच्या कलेमागची प्रेरणा काय, म्हणून. बहिणीची झडप असं कार्डावर लिहिता येत नाही. मी दोन दिवस कागद घेऊन बसलो. शेवटी कौशिकने मोबाइलला सांगून झकास इंग्रजीत मजकूर करून आणला, की हे काम म्हणजे वाळवंटाच्या मौनात हरवलेल्या सह्याद्रीच्या ढगांचा शोध आहे. त्याखाली माझं नाव. लोक येत होते, कार्ड वाचत होते आणि मान डोलवत होते. एका गृहस्थांना त्यात उंटही दिसले. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि कुणी तरी त्रिकोणातल्या अक्षरांचा अर्थ विचारील म्हणून सारखा घाम पुसत होतो. कुणी विचारला नाही. सगळे ढगच बघत होते.

मग हमीदसाहेब आले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. हे आमच्या खात्याचे प्रमुख, इजिप्तचे, स्वल्पविराम चुकला तरी अख्खी फाइल परत पाठवणारे. बायकोला सुमैयाचे मणी बघायचे होते म्हणून आले होते. मला तिथे बघून त्यांनी नमस्कार केला आणि शालीसमोर उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कार्डाकडे ढुंकूनही न बघता ए पासून वाचायला सुरुवात केली. बोटाने. जी पर्यंत गेले आणि वळून मला म्हणाले, नवी आवृत्ती निघाली की जुने ढग काढून टाकायचे असतात, फक्त शेवटचा ठेवायचा. इतक्या वर्षांत हे माहीत नाही? मी म्हटलं, साहेब, माहीत आहे, पण यातला एकही मिटलेला नाही. त्यांनी विचारलं, म्हणजे? आणि ताई, महिनाभर कुणाला न सांगितलेलं मी त्यांना त्या गर्दीत सांगून बसलो. ए म्हणजे इको, बी म्हणजे अँजिओग्राफी, असं करत जी पर्यंत. डी च्या वेळी मला रुमाल काढावा लागला, तेव्हा ते दुसरीकडे बघत थांबले. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी ते सह्याद्रीचं कार्ड उचलून खिशात घातलं आणि ऑफिसात बोलतात त्याच आवाजात म्हणाले, हे टेबलाशी बसून मिटणार नाही, साइटवर जावं लागेल. खलास (त्यांच्या अरबीत, विषय संपला). आणि मण्यांकडे निघून गेले.

त्यांचं म्हणणं मला अर्थातच पटलेलं नाही. ते साइटवाले, त्यांना प्रत्येक गोष्टीला साइटवर जावंसं वाटतं. तू सांगितल्याप्रमाणे मी इथेच राहणार आहे, सोळा तारखेला शांतपणे ऑफिसला जाणार आहे आणि अर्णवचा मेसेज येईपर्यंत हाताने काही तरी विणत बसणार आहे. शाल मी कौशिकबरोबर पाठवतो. तो गुरुवारी निघतो आहे, वाकडी वाट करून कऱ्हाडला आणून देईल. ती एका टोकाला चार बोटं अरुंद आहे. तिकडची बाजू जानेवारीतली आहे, ती आतून घे म्हणजे दिसणार नाही. थंड पाण्यात धुवायची, पिळायची नाही. तू काळजी करू नकोस. भावोजींना नमस्कार, अर्णवला आशीर्वाद, आणि डॉक्टरांना माझ्याकडून काहीही विचारू नका.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
श्याम

ता. क. पत्र लिहून झाल्यावर कौशिकला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "काका, मी कुठं चाललोय?" त्याला दिवाळीपर्यंत सुट्टी नाही. मी हे त्याला अजून विचारलंच नव्हतं. तेवढा मजकूर रद्द समजावा. खोडलेला नाही, लाल ढग काढला आहे.

ता. क. २ (रविवार, इथे तो कामाचा वार, ऑफिसातून आल्यावर). सकाळी टेबलावर माझ्या नावाचा रजेचा अर्ज भरून ठेवलेला होता. मी केलेला नव्हता. कारणाच्या रकान्यात हमीदसाहेबांच्या अक्षरात 'साइट व्हिजिट' असं लिहिलेलं आणि खाली सही. त्यांनी सही केलेला कागद परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही, नाहीतर मी पाठवला असता. तिकीट गुरुवारचं मिळालं. शाल मीच घेऊन येतो आहे.

ता. क. ३. अटी पुढीलप्रमाणे, आणि या मी लेखी देतो. ऑपरेशनच्या मजल्यावर पाऊल ठेवणार नाही, खाली कँटीनजवळ बसेन. सर्जनसाहेबांशी बोलणार नाही. त्यांच्या यंत्रांबद्दल चकार शब्द नाही. (फक्त नवी झडप ज्या खोक्यातून येईल त्यावरच्या नंबराचा एक फोटो अर्णवने काढून ठेवावा.) चक्कर येते आहे असं वाटलं तर पडायच्या आधी स्वतःहून भिंतीशी खाली बसायचं, हे जोसेफीनने मला तिच्या बैठकीच्या खोलीत चार वेळा करायला लावलं आहे. चार्ल्सने वेळ धरली होती. खाट लागणार नाही.

ता. क. ४. वर मी शांत झालो आहे असं लिहिलं ते खोटं आहे. ते तुला पहिल्याच पानावर कळलं असेल. मी तुला धीर द्यायला येत नाही, ताई; तो तुझ्याकडे आहे, नेहमीच होता. माझ्याकडे नाही. ऑपरेशनचे ते पाच तास इथे फोनकडे बघत काढायचे म्हटलं की हातातली सुई चालत नाही. आई-अण्णा गेल्यानंतर माझ्यावर रागवायला तूच एक उरली आहेस, आणि मला तू हवी आहेस, इतकंच कारण आहे. ते लिहायला मला नऊ पानं लागली. आजवर तुला विचारल्याशिवाय मी गाव सोडलं नाही, नोकरी धरली नाही, लग्नसुद्धा केलं नाही, म्हणून आताही विचारतो. अर्णवला 'ये' एवढं एक अक्षर पाठवायला सांग. नको म्हणालीस तरी मी गुरुवारी निघणार आहे, पण तू बोलावलंस म्हणून आलो तर तुझ्या दारात उभं राहताना पाय जरा कमी कापतील.